एक्याण्णव

शेफील्डमध्ये, डॉन नदीच्या काठच्या भंगार यार्डात
माझं काम एवढंच: ओळख नसलेल्या धातूवर
मीटरचं तोंड टेकवायचं, आकडा वाचायचा.
किती वीज वाहू देतोस बाबा तू अंगातून?
एवढा एकच प्रश्न. नाव-गाव काही नाही.

शंभर म्हणजे तांबं.
कुणीतरी, कधीतरी, एका तारेला पैकीच्या पैकी देऊन टाकले,
तेव्हापासून बाकीचे बसलेत नापास होत.
पितळ सत्तावीस, शिसं आठ,
स्टेनलेस दोन, तेही कुरकुरत.
चांदी मात्र एकशे पाच. वर्गात असते एखादी.

मीटरला सगळं कळतं असं नाही.
जस्त आणि पितळ त्याला जवळपास सारखंच ऐकू येतं.
पातळ पत्रा फसवतो, गोल नळ फसवतो,
आणि जानेवारीत रात्रभर उघड्यावर पडलेला धातू
आहे त्याहून बरा असल्याचं सांगतो,
कारण गारठ्यात वीज सोपी धावते.
म्हणून आधी हीटरपाशी ठेवायचं अर्धा तास,
मग विचारायचं.
माणसांचं उलटं, ग्लिन म्हणतो,
ऊब मिळाली की बढाया.

मंगळवारी मिसेस स्टॅनिफोर्थ आल्या,
चाकांच्या पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
"सिरिलचं आहे, लव्ह. शेडमधलं."
इथं सगळ्यांनाच लव्ह म्हणतात, मी आता दचकत नाही.
सिरिल चमच्यांच्या कारखान्यात पॉलिशला होता,
एकतीस वर्षं.
"एक चमचा कधी घरी आणला नाही त्यानं,"
ज्या सुरात आपल्याकडे बायका सांगतात,
सुपारीचं खांडसुद्धा नाही हो तोंडात.

नळाच्या तोट्या: सत्तावीस.
खिडकीचा अडसर: अठ्ठावीस. कानस लावली, राखाडी. म्हणजे जस्त.
सगळ्यात खाली, लोकरी मोज्यात, एक गोळा,
मुठीएवढा, काळाकुट्ट,
एका बाजूनं वाटीच्या तळासारखा.
"ते शिसं. गळाला लावायचं.
कोठीच्या दाराला टेकू देते मी त्याचा, वाऱ्यानं आपटतं."

आठ येणार म्हणून मी आठ लिहायलाच घेतलं.
मीटर म्हणालं, एक्याण्णव.

पुसलं. हीटरपाशी ठेवलं. तिघांचा चहा झाला.
पुन्हा टेकवलं. एक्याण्णव.
तांबं असेल, काहीतरी मिसळलेलं,
म्हणून कानशीचा एकच हात मारला.
तांबडं आलं नाही.
पांढरं आलं.
वाळ्यांचं, निरांजनाचं, करंड्याच्या झाकणाचं पांढरं.

पितळ उघडं पडतं, असं म्हणतो आपण.
रुपं उघडं पडताना मी पहिल्यांदा बघत होते.

चमच्यांच्या पाठीवरून उडालेला भुगा,
पँटच्या दुमडीत, टोपीच्या अस्तरात,
चिमूट चिमूट,
आणि मग कुठल्यातरी रात्री, ही झोपल्यावर, शेडमध्ये मूस.
मीटर यातलं काही सांगत नाही.
विकायचं होतं का त्याला, की नुसतं साठवायचं,
की एकदा सुरू केलं आणि थांबता येईना?

मी आकडा सांगितला. मग भाव सांगितला, मोडीचाच.
त्यांनी कानशीच्या ओरखड्यावर अंगठा फिरवला,
मेणबत्तीचा थेंब काढावा तसा.
"दर शनिवारी मी त्याचा डगला भिजवायचे," त्या म्हणाल्या.
"पाणी काळंभोर निघायचं.
तिसऱ्यांदा स्वच्छ होईपर्यंत ओतत राहायचे मोरीत."

ग्लिनला हसू आलं, मग आवरलं.

पावतीवर लिहिलं: पितळ साडेतीन किलो, जस्त नऊशे ग्रॅम.
रोख आम्ही देत नाही, कायदा आहे,
पैसे खात्यात जातील.
गोळा मोज्यात परत गेला, मोजा पिशवीत.
"दार आपटतं," त्या पुन्हा म्हणाल्या,
कुणी काही विचारलं नव्हतं तरी.

त्या गेल्यावर टेबलावर कानशीचा कीस उरला होता,
नखात मावेल एवढा.
ग्लिन बाहेर क्रेनवर.
मी बोटानं टिपला तो,
आणि बराच वेळ
हात धुतले नाहीत.